मालगुजाराचे काय आणि गावाचे काय?

आपल्या भंडारा जिल्ह्यास तलावांचा जिल्हा म्हणतात. गावोगावचे हे तलाव व बोड्या आज सर्वांच्याच वाटतात. परंतु १९५१ पर्यंत कागदोपत्री त्यांचा मालक मालगुजार होता, हे नव्या पिढीस फारसे ठाऊक नाही.

गोंड राजवटीत तलाव बांधणाऱ्यास जमीन देण्याची चाल होती. या कामात कोहळी समाजाने मोठे नाव मिळविले. पुढे १८५४ साली नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाले. इंग्रजांनी जमाबंदी करून सारा भरणाऱ्या पाटलांस गावचे मालक ठरविले. शेतीबरोबर जंगल, पडीत व तलावही त्यांच्या नावे लागले. गावकऱ्यांचा निस्तार मात्र चालूच राहिला. गुरांचे पाणी, सरपण, धान निसवताना बांधीत सोडावयाचे पाणी, या सर्वांच्या वहिवाटी वाजिब-उल-अर्जमध्ये लिहून ठेवल्या गेल्या. तलावाचा मालक एक, पाण्याचे हक्कदार अनेक, असा हा प्रकार होता. पाळीवर माती टाकणारे हातही गावचेच, हे विसरून चालणार नाही.

मध्यप्रदेश शासनाच्या १९५० च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याने ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली. मालगुजार नागविला गेला असे काही जण अजून म्हणतात, ते खरे नव्हे. त्याचा वाडा, आवारातील विहीर, झाडे व देवस्थान त्याचेच राहिले. सीर व खुदकास्त जमीन मलिक मकबुजा हक्काने त्याच्याकडेच ठेवली गेली. गेलेल्या हक्कांबद्दल मोबदलाही मिळाला. जंगल, पडीत, गावठाण, बाजार व पाणवाटा शासनाकडे आल्या.

खरी अडचण तलावांची. कायद्याने येथे मोठी शहाणपणाची कसोटी लावली. पडीत जागेवरील ज्या तलावाच्या पाण्यावर मालगुजाराखेरीज दुसऱ्या कोणाचाही ओलिताचा हक्क नव्हता, तो तलाव त्याच्याकडेच राहिला. इतरांचा हक्क असलेला तलाव शासनजमा झाला. तलाव कोणाच्या वाडवडिलांनी बांधला, हा प्रश्न कायद्याने विचारलाच नाही.

बहुतेक तलाव पुढे जिल्हा परिषदेकडे आले. मालगुजार धाक दाखवून का होईना, पाळ दुरुस्त करवीत असे. तलाव सरकारी झाल्यावर गाळ कोणी काढावयाचा, याचे उत्तर पुष्कळ गावांत कोणापाशीच नव्हते. गाळ साचला, काही ठिकाणी पोटातच शेती झाली. ढिवर बांधवांच्या मच्छीमार संस्थांनी मासेमारीचे ठेके घेतले, पण उथळ पाण्यात मासळी ती किती वाढणार! २०१७ साली शासनाने गाळमुक्त धरण योजना सुरू केली. तीतही काढलेला गाळ आपल्या शेतात वाहून नेण्याचा खर्च शेतकऱ्याकडेच होता.

निस्तारपत्रक व वाजिब-उल-अर्जची कलमे १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही आहेत. आपल्या तलावावर कोणाचा कोणता हक्क लिहिलेला आहे, हे ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी महसूल कचेरीत अर्ज करून नक्कल मागावी.