थंड पावसातील पदभ्रमंती : हातमोजे कसे निवडाल?

सानगडी (जि. भंडारा) : साकोली तालुक्यातील सानगडीचा किल्ला, अर्थात सहानगड, पावसाळ्यात पाहायला जाणाऱ्याला हातमोज्यांची आठवणही होत नाही. ऑगस्टच्या झडीतही येथील रात्रीचे तापमान साधारणतः २३-२४ अंश सेल्सियस असते. हात भिजले तरी ते बधिर होत नाहीत.

त्याच ऑगस्टमध्ये हिमालयात गेल्यास चित्र बदलते. उत्तराखंडमधील 'व्हॅली ऑफ फ्लॉवर्स' हे राष्ट्रीय उद्यान ऐन पावसाळ्यात बहरते. २००५ साली त्याचा जागतिक वारसा स्थळांत समावेश झाला. जवळचे हेमकुंड सुमारे ४,३०० मीटर उंचीवर आहे. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी घटते. म्हणजे सानगडी आणि हेमकुंड यांच्यात केवळ उंचीमुळेच सुमारे २५ अंशांचा फरक पडतो. त्यात पाऊस आणि वारा असतोच.

ऊब जाते कुठे?

हातमोज्याची ऊब ही त्याच्या धाग्यांत अडकलेल्या हवेची असते. मोजा भिजला की हवेची जागा पाणी घेते आणि पाणी हवेच्या वीसपटींहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. त्यातच थंडीत शरीर हातापायांचा रक्तपुरवठा आखडते घेते. बोटे बधिर झाली की जॅकेटची चेन लावणे, बुटाची नाडी बांधणे किंवा स्टोव्ह पेटवणेही जमत नाही. येथूनच संपूर्ण शरीर गारठण्याचा धोका सुरू होतो. म्हणूनच मोजा दुकानात किती उबदार वाटतो, यापेक्षा तो भिजल्यावर काय करतो, हे महत्त्वाचे.

कापडाची पारख

सुती मोजे टाळावेत. ते पाणी धरून ठेवतात. चामड्याची पकड उत्तम असली, तरी ते एकदा भिजले की लवकर वाळत नाही. लोकर ओली झाल्यावरही काहीशी ऊब टिकवते. फ्लीस पाणी कमी शोषते, पिळल्यावर लवकर वाळते. मात्र त्यातून वारा आरपार जातो. 'वॉटरप्रूफ' मोज्यांत पाणी रोखणारा पातळ पडदा असतो. परंतु शिवणीतून, मनगटाकडून आणि आतील घामामुळे तेही ओले होतात.

एक नव्हे, तीन गोष्टी

त्यामुळे एकाच महागड्या जोडावर भिस्त ठेवण्यापेक्षा थरांचा विचार करावा. आत लोकरीचा किंवा फ्लीसचा मोजा, बाहेर पाणी व वारा अडवणारे सैल आवरण आणि सॅकमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला एक कोरडा जोड. खर्च आवरायचा असेल, तर लोकरी मोज्यांवर मोठ्या मापाचे घरगुती रबरी हातमोजेही उपयोगी पडतात. फक्त मुक्कामी आतील घाम वाळवावा लागतो. चार बोटे एकत्र ठेवणारे मोजे अधिक उबदार असतात, मात्र त्यात बोटांची हालचाल मर्यादित होते.

खरेदी करताना

मोजा घालून मूठ वळवून पाहावी. घट्ट मोजा रक्ताभिसरण रोखतो. मनगट पूर्ण झाकले जाते का, हे पाहावे. काठी घेऊन चालताना हात खाली असतात. तेव्हा जॅकेटची बाही मोज्यावर यावी, अन्यथा बाहीवरून ओघळणारे पाणी थेट मोज्यात शिरते. निघण्यापूर्वी घरीच मोजा घालून हात काही मिनिटे बर्फाच्या पाण्याच्या बादलीत धरावा. शिवणी गळतात की नाही, ते तेथेच कळते.

बोटे बधिर झाल्यास

ओले मोजे तत्काळ काढून हात पुसावेत व काखेत धरावेत. बोटे चोळू नयेत आणि शेकोटीवर शेकू नयेत. संवेदना नसल्याने भाजले तरी कळत नाही. बोटे पांढरी व कडक झाली असल्यास वाट सोडून लवकरात लवकर वैद्यकीय मदत गाठावी.