एकच निरोप, दोन फोन

गेल्या ईदला घरच्या ग्रुपवर उर्दूत मुबारकबाद आली. अब्बा बीडच्या उर्दू शाळेत शिकलेले, तरी चष्मा वर-खाली करत अडखळत वाचत होते. भाचीने आपला फोन पुढे केला, ''नाना, इसमें देखो.'' अब्बांचा चेहरा उजळला. ''हां, ये हुई उर्दू!''

निरोप एकच होता. भाचीच्या महागड्या फोनवर तो नस्तालीक वळणात होता, अब्बांच्या साध्या फोनवर नस्खमध्ये. नस्ख हे प्रामुख्याने अरबीचं वळण, अक्षरं एका सरळ रेषेवर बसणारी. उर्दू मात्र पिढ्यान्पिढ्या नस्तालीकमध्येच वाचली गेली. त्यात शब्द उजवीकडून डावीकडे तिरका खाली उतरत येतो. १९४८ पर्यंत बीड निजामाच्या राज्यात होतं आणि उर्दू तिथली सरकारी भाषा होती. तिची सवय आमच्या घरांतून अजून गेलेली नाही.

छापखान्याच्या खिळ्यांना ही उतरण कधी नीट साधली नाही, म्हणून उर्दू वर्तमानपत्रं कातिब हाताने लिहीत. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांच्या हातच्या हजारो शब्दाकृतींतून 'नूरी नस्तालीक' तयार झालं आणि पाकिस्तानच्या 'जंग' दैनिकाने ते वापरलं. संगणकाला नस्तालीक जमू लागलं.

मग स्मार्टफोन आले. ॲपल फोन आणि त्याची प्रणाली दोन्ही स्वतःच ठरवतं. जुलै २००८ मध्ये ॲप स्टोअर उघडलं तेव्हा सगळ्या आयफोनचा पडदा एकाच मापाचा होता. आपलं बटण नेमकं कुठे दिसेल हे ॲप बनवणाऱ्याला ठाऊक असे. ॲपवर पैसे खर्च करणारं गिऱ्हाईकही तिथेच जास्त, म्हणून मेहनतही आधी तिथेच होई. अँड्रॉइडची प्रणाली गूगलची, पण फोन अनेक कंपन्यांचे. पडदे लहान-मोठे, मेमरी कमी-जास्त, आवृत्त्या जुन्या-नव्या. सगळीकडे चाललं पाहिजे म्हटलं की सफाई मागे पडते. शिंप्याने माप घेऊन शिवलेली शेरवानी आणि बाजारातला तयार कुर्ता, असा हा फरक. २०१४ मध्ये गूगलने 'मटेरिअल डिझाइन' ही नियमावली आणली, त्यानंतर तो बराच कमी झाला.

नस्तालीकची गोष्ट मात्र चटका लावणारी आहे. 'नोटो नस्तालीक उर्दू' हा फॉन्ट गूगलनेच काढला आणि सर्वांना मोफत दिला. २०१७ मध्ये आयओएस ११ सोबत ॲपलने तो आयफोनमध्ये घेतला. बहुतेक अँड्रॉइड फोन मात्र अजून उर्दू नस्खमध्येच दाखवतात. नस्तालीकच्या ओळीला उंची जास्त लागते. नस्खच्या मापाने आखलेल्या चौकटीत तिची अक्षरं वर-खाली कापली जातात. एक कंपनी आपल्या फोनमधल्या चौकटी बदलू शकते. हजारो मॉडेलांवर ते काम कुणी अंगावर घ्यायचं?

अँड्रॉइडचे उपकार मी नाकारत नाही. स्वस्त फोन निघाले म्हणून तर अब्बांच्या वयाच्या माणसांपर्यंत ते पोचले. बीडमध्ये ज्याच्या-त्याच्या हातात तोच दिसतो, कारण तोच परवडतो. पण वाचण्याजोगं अक्षर ही चैनीची वस्तू नव्हे. कातिबाने लिहिलेलं वर्तमानपत्र नवाब आणि हमाल एकाच अक्षरात वाचत. तेवढी बरोबरी फोनवरही मागायला हवी.