औंढा नागनाथ : पूजेतील मंदिर आणि संरक्षणाचा कायदा

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात ऐतिहासिक वास्तूंचा विषय निघाला, की पहिले नाव औंढा नागनाथाचे येते. भाविक या स्थानाला बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानतात. गुजरातेत द्वारकेजवळील नागेश्वराबाबतही हाच दावा केला जातो. संत नामदेवांच्या कीर्तनासाठी मंदिर फिरले, ही आख्यायिका मराठवाड्यात सर्वतोमुखी आहे. नामदेवांचे जन्मस्थान मानले जाणारे नर्सीही याच जिल्ह्यातले.

वास्तुशास्त्राच्या दृष्टीने मात्र हे मंदिर एकाच काळाचे नाही. खालचा भाग यादवकालीन, काळ्या दगडातील, देवदेवतांच्या मूर्तींनी आणि थरांच्या कोरीवकामाने गजबजलेला. वरचे शिखर नंतरचे, चुन्याच्या गिलाव्याचे. त्याच्या जीर्णोद्धाराचे श्रेय परंपरेने अहिल्याबाई होळकरांना दिले जाते. दोन्हींतील फरक जाणकार नसलेल्या नजरेलाही जाणवतो. गाभारा जमिनीखाली असून तेथे अरुंद वाटेने उतरावे लागते.

अशा वास्तूंना कायद्याचे संरक्षण दोन मार्गांनी मिळते. राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांसाठी केंद्राचा १९५८ चा प्राचीन स्मारके कायदा आहे, तर इतरांसाठी महाराष्ट्राचा १९६० चा. केंद्राच्या कायद्यात वास्तू किमान १०० वर्षांची असावी लागते. राजपत्रात आधी सूचना निघते, हरकतींसाठी दोन महिने दिले जातात आणि त्यानंतरच घोषणा होते. २०१० च्या दुरुस्तीनंतर राष्ट्रीय स्मारकाभोवतीचे १०० मीटर बांधकामास प्रतिबंधित, तर पुढील २०० मीटर नियंत्रित ठरले. स्मारकाची हानी अथवा विद्रूपीकरण केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पूर्वी कैदेची मर्यादा अवघी तीन महिने होती.

खरी अडचण आहे ती नित्य पूजा चालणाऱ्या मंदिरांची. केंद्राच्या कायद्याचे १६ वे कलम सांगते, की संरक्षित प्रार्थनास्थळाचा वापर त्याच्या स्वरूपाशी विसंगत कामासाठी करता येणार नाही. पूजेला त्यामुळे बाधा येत नाही. परंतु महाशिवरात्रीच्या गर्दीसाठी वाट रुंद करावी, फरशी घालावी, मूर्तींना रंग द्यावा, ही भाविकांच्या सोयीची वाटणारी कामेच कोरीव दगडाला सर्वाधिक घातक ठरतात. शिवाय जतन करायचे ते कोणते? केवळ यादवकालीन भाग मूळ मानला, तर शिखराचा इतिहास पुसला जाईल. आज उभे आहे ते संपूर्ण मंदिर हाच जतनाचा विषय मानणे अधिक योग्य.

परदेशात हा विचार राहत्या घरांपर्यंत पोचला आहे. वेल्समध्ये सुमारे ३० हजार इमारती तीन श्रेणींत नोंदलेल्या असून त्यांत घरे, पूल आणि साधी प्रार्थनागृहेही आहेत. आपल्याकडे मुंबईने १९९५ मध्ये नगरनियोजनाच्या नियमांद्वारे अशीच श्रेणीवार यादी केली. हिंगोलीच्या दृष्टीने हा मार्ग विशेष उपयुक्त आहे, कारण हे शहर १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिंजंटची छावणी होते. त्या काळातील एखादा बंगला किंवा बराक वयाच्या अटीत बसते. पण अधिसूचना निघेपर्यंत ती पाडण्यास स्मारक कायदा आड येत नाही.