मार्च-सप्टेंबरमध्येच चुंबकीय वादळं जास्त का येतात?
सूर्याकडून येणारा भारित कणांचा झोत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला हादरवतो, तेव्हा भूचुंबकीय वादळ येतं. दिवस-रात्र समान असतात त्या मार्च आणि सप्टेंबरच्या आसपास अशी वादळं जास्त येतात. सूर्य तेव्हा जास्त खवळतो असं मात्र नाही. त्या दिवसांत पृथ्वीच्या कललेल्या अक्षामुळे सौरवाऱ्यातलं चुंबकीय क्षेत्र आपल्या क्षेत्राच्या उलट दिशेला येण्याची शक्यता वाढते आणि ऊर्जेला आत शिरायला वाट मिळते. रसेल आणि मॅकफेरॉन यांनी १९७३ मध्ये हे कारण मांडलं.

मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत नोंदलं गेलेलं प्रचंड वादळही २ सप्टेंबर १८५९ चं. तिथे चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरलं होतं!

अर्थात, सूर्य कॅलेंडर पाहत नाही. लडाखच्या हानलेत आकाश लाल झालं, ते वादळ मे २०२४ चं. वाशीम बरंच दक्षिणेला आहे. इथल्या ‘लाल आकाशा’चा फोटो आला तर फॉरवर्ड करण्याआधी तपासा. जीपीएस मात्र इथेही गडबडू शकतं.