क्रश सिंड्रोम

क्रश सिंड्रोम हा स्नायू दीर्घकाळ जड वस्तूखाली दबल्यामुळे उद्भवणारा, संपूर्ण शरीरावर परिणाम करणारा विकार आहे. भूकंप, इमारत कोसळणे, खाणीतील अपघात आणि बॉम्बहल्ले ही त्याची प्रमुख कारणे होत. ढिगाऱ्याखालून काढलेली व्यक्ती शुद्धीवर असते, बोलते, पाणी मागते. परंतु बाहेरून जीवघेणी जखम दिसत नसतानाही ती काही तासांत दगावू शकते. या उशिराच्या मृत्यूचे कारण रक्तात असल्याने रुग्णाच्या बचावाचा अंदाज बांधताना रक्ततपासणीलाही महत्त्व असते.

कारणमीमांसा

दाब असेपर्यंत त्या अवयवातील रक्ताभिसरण खुंटलेले असते. दगड किंवा तुळई उचलताच रक्तप्रवाह पुन्हा सुरू होतो आणि फुटलेल्या स्नायुपेशींतील पोटॅशियम, आम्ले व मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात मिसळते. पोटॅशियममुळे हृदय बंद पडू शकते. मायोग्लोबिन मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांत साचते व लघवी गडद तपकिरी होते. रक्तातील पाणी सुजलेल्या स्नायूंत शिरल्याने रक्तदाबही घसरतो. म्हणजे सुटकेचा क्षण हाच धोक्याचा क्षण ठरतो.

जपानी वैद्य सेइगो मिनामी यांनी १९२३ मध्ये या विकाराचे वर्णन केले होते. तथापि तो सर्वपरिचित झाला तो लंडनवरील बॉम्बहल्ल्यांतील रुग्णांविषयी बायवॉटर्स व बील यांनी १९४१ मध्ये लिहिलेल्या लेखामुळे.

किल्लारी भूकंप

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३.५६ वाजता लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. गणेशविसर्जनाची रात्र उलटून माणसे घरांत झोपलेली होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवर मातीचे वजनदार माळवद अशी या भागातील घरांची रचना होती. सुमारे १०,००० माणसे मृत्युमुखी पडली. काँक्रीटची इमारत कोसळली तर स्लॅबखाली पोकळ्या उरतात व अवयव दबलेली माणसे काही काळ तगतात. माळवदाचा मात्र भरीव ढिगारा होतो आणि माती व धुळीमुळे गुदमरून अनेकांचा मृत्यू तत्काळ ओढवतो. क्रश सिंड्रोमच्या रुग्णांची संख्या केवळ भूकंपाच्या तीव्रतेवर अवलंबून नसते, ती घरांच्या बांधणीवरही ठरते, हे मराठवाड्याच्या संदर्भात ध्यानात घेण्याजोगे आहे. जखमींना लातूर व सोलापूर येथे न्यावे लागले. लातूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय त्यानंतर, २००२ मध्ये सुरू झाले.

रक्तातील निदर्शक

सर्वांत तातडीची तपासणी पोटॅशियमची. त्याचे सामान्य प्रमाण लिटरमागे ३.५ ते ५ मिलिइक्विव्हॅलंट असते, ६.५ च्या वर ते प्राणघातक ठरू शकते. प्रयोगशाळा जवळ नसेल तेथे हृदयालेखावरील उंच, टोकदार लहरींवरून ते ओळखता येते. क्रिएटिन कायनेज हे विकर स्नायूंची हानी किती झाली ते सांगते; त्याचे प्रमाण लिटरमागे ५,००० युनिटच्या पुढे गेल्यास मूत्रपिंडांना धोका संभवतो. मायोग्लोबिन काही तासांतच रक्तातून नाहीसे होते, त्यामुळे उशिरा केलेली त्याची तपासणी फसवी ठरते.

अतिदक्षता विभागातील रुग्णाचे भवितव्य मात्र एकट्या क्रिएटिन कायनेजवरून सांगता येत नाही. स्नायुपेशी नष्ट होण्याच्या सर्व प्रकारांसाठी २०१३ मध्ये अमेरिकेत मांडल्या गेलेल्या मॅकमहॉन गुणांकात क्रिएटिनिन व फॉस्फेट यांना प्रत्येकी ३ पर्यंत गुण आहेत. क्रिएटिन कायनेज ४०,००० च्या वर असले तरी त्याला २ च. एकूण गुण ६ किंवा अधिक झाल्यास मूत्रपिंड निकामी होण्याचा वा मृत्यूचा धोका बराच वाढतो.

उपचार

माणूस ढिगाऱ्यात असतानाच शिरेतून सलाईन सुरू करणे हा मुख्य उपचार होय. प्रौढास साधारणपणे तासाला १ लिटर. रिंगर लॅक्टेटमध्ये पोटॅशियम असल्याने ते टाळतात. वाढलेल्या पोटॅशियमवर कॅल्शियम ग्लुकोनेट, तसेच इन्सुलिन व ग्लुकोज देतात. तरीही लघवी होत नसेल तर डायलिसिस करावे लागते. आर्मेनियातील १९८८ च्या भूकंपात डायलिसिसची सोय अपुरी पडल्यानंतर आंतरराष्ट्रीय मूत्रपिंडविज्ञान संस्थेने आपत्तीसाठी मदत पथक स्थापन केले. तुर्कस्तानातील १९९९ च्या मार्मारा भूकंपात मूत्रपिंडाचा विकार झालेल्या ६३९ रुग्णांपैकी ४७७ जणांना डायलिसिस द्यावे लागले. त्या ६३९ पैकी ९७ दगावले.