रोटोरुआ परिसरातील ज्वालामुखी सरोवरे आणि त्यांच्या पाणलोटांचा इतिहास

सरोवराचे पाणलोट क्षेत्र ही निसर्गाने एकदाच ठरवून दिलेली गोष्ट आहे, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. डोंगरमाथ्यांवरून जलविभाजक रेषा आखली की काम संपले. न्यूझीलंडच्या उत्तर बेटातील रोटोरुआ परिसरात मात्र हे गृहीत टिकत नाही. तेथील पाणलोटांच्या सीमा ऐतिहासिक काळातच बदलल्या आहेत. आणि भूपृष्ठावरील सीमांचा भूमिगत सीमांशी मेळ तर मुळातच बसत नाही.

रोटोरुआ सरोवर सुमारे 2 लाख 40 हजार वर्षांपूर्वीच्या महाउद्रेकानंतर खचलेल्या महाकुंडात वसले आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे 80 चौ. कि.मी. असले तरी सरासरी खोली 11 मीटरांच्या आतच भरते; वाऱ्याने त्याचे पाणी तळापर्यंत वारंवार ढवळले जाते. शेजारचे रोटोइटी क्षेत्रफळाने निम्म्याहूनही लहान, परंतु त्याची कमाल खोली 120 मीटरांहून अधिक आहे. उन्हाळ्यात त्याचे पाणी थरांत विभागते व तळाशी प्राणवायू कमी पडतो. पूर्वेकडील ओकाटाइना महाकुंडातील सरोवरांची घडण आणखी निराळी आहे. तेथे लाव्हाच्या घुमटांनी दऱ्यांची तोंडे अडविली आणि मागे पाणी साचले.

या घडणीचा सर्वांत बोलका पुरावा रोटोमाहाना होय. ऑस्ट्रियाच्या ‘नोव्हारा’ मोहिमेतील भूवैज्ञानिक फर्डिनांड फॉन होखश्टेटर याने एप्रिल 1859 मध्ये या सरोवराची पाहणी केली, तेव्हा ते एक लहानसे, उथळ, उष्ण झऱ्यांनी वेढलेले तळे होते. त्याच्या काठचे गुलाबी व पांढरे सिलिकासोपान पाहण्यास दूरदूरचे प्रवासी येत. तळ्याचे जादा पाणी एका ओढ्याने तारावेरा सरोवरात उतरे. 10 जून 1886 च्या पहाटे तारावेरा पर्वतापासून नैर्ऋत्येकडे सुमारे 17 कि.मी. लांबीची भेग उघडली. शंभराहून अधिक माणसे, बहुतांशी माओरी, मृत्युमुखी पडली आणि रोटोमाहानाचा तळच उडून गेला. त्या विवरात पुढील वर्षांत पाणी साठत गेले. आजचे रोटोमाहाना सुमारे 9 चौ. कि.मी. विस्ताराचे आणि शंभर मीटरांहून अधिक खोल आहे. त्याची पातळी तारावेराहून सुमारे 40 मीटर उंच आहे, आणि भूपृष्ठावरून बाहेर पडणारा ओढा उरलेला नाही. त्याचे पाणी राखेच्या बंधाऱ्यातून झिरपत तारावेरात जाते. नाव तेच, परंतु जलव्यवस्था सर्वस्वी नवी.

तारावेराच्या मुखाशीही उद्रेकाचा गाळ साचला होता. पाण्याची पातळी चढत गेली, नोव्हेंबर 1904 मध्ये तो अडसर फुटला आणि सरोवर सुमारे 3 मीटर उतरले. सोपानांचे पुढे काय झाले, हा वाद मात्र अद्याप मिटलेला नाही. 2011 मध्ये ध्वनिलहरींच्या साहाय्याने तळाचे सर्वेक्षण होऊन त्यांचे अवशेष पाण्याखाली असल्याचे जाहीर झाले. पुढे होखश्टेटरच्या मोजणी-नोंदींचा आधार घेऊन ते काठावरील राखेखाली गाडले गेल्याचे मत मांडण्यात आले. दीड शतकापूर्वीची एका प्रवाशाची होकायंत्राची वाचने भूवैज्ञानिक वादात साक्षीला उभी राहावीत, ही इतिहासाच्या अभ्यासकास सुखावणारी गोष्ट आहे.

भूमिगत पाण्याचा प्रश्न याहून गंभीर आहे. रोटोरुआच्या पश्चिमेस मामाकूचे इग्निंब्राइटचे पठार आहे. हा सच्छिद्र खडक पाऊस शोषून घेतो. म्हणून तेथे ओढे विरळ आणि पायथ्याशी झरे विपुल आहेत. सर्वांत मोठा झरा हामुराना. त्याचे भूमिगत क्षेत्र भूपृष्ठावरील जलविभाजकाच्या पलीकडे पसरले आहे, आणि त्यातून निघणाऱ्या पाण्याचे सरासरी वय शंभर वर्षांहून अधिक आहे. कुरणांतून झिरपणारे नत्र या झऱ्यांत पोहोचण्यास कित्येक दशके लागतात. शहराचे मलजल 1991 पासून सरोवराऐवजी वनभूमीकडे वळविण्यात आले. परंतु जमिनीत मुरलेले नत्र कोणत्याही आदेशाने परत बोलावता येत नाही. पाणलोटातून येणारे नत्र 2032 पर्यंत वर्षाला 435 टनांवर आणण्याचे उद्दिष्ट ठरले, त्या वेळी हा विलंबही हिशेबात धरावा लागला.

रोटोरुआचे पाणी ओहाऊ प्रवाहातून रोटोइटीत येई आणि उथळ सरोवराचे दूषण खोल सरोवराच्या वाट्याला जाई. 2008 मध्ये रोटोइटीच्या आत सुमारे 1,275 मीटर लांबीची भिंत उभारून हे पाणी थेट काइटुना नदीकडे वळविण्यात आले. सुमारे 500 चौ. कि.मी.चा पाणलोट रोटोइटीच्या बहुतांश भागापासून अशा रीतीने तोडला गेला.

हक्कांची वाटणी या जलरचनेशी जुळत नाही. 1922 च्या करारान्वये सरोवरांचे तळ सरकारकडे गेले आणि त्यांच्या बदल्यात टे आरावा माओरींना वर्षाला 6,000 पौंड देण्याचे ठरले. 2006 च्या कायद्याने 13 सरोवरांच्या तळांची मालकी त्यांना परत मिळाली. तळावरील पाणी या मालकीत आले नाही. आणि ज्या जमिनींवरून नत्र येते, त्यांपैकी बराच भाग इतरांच्या ताब्यात आहे.