लंडनची भुयारी रेल्वे: गरिबांसाठी पाहिलेले स्वप्न आणि गरिबांनीच मोजलेली किंमत

१/ जगातील पहिली भुयारी प्रवासी रेल्वे १० जानेवारी १८६३ रोजी लंडनमध्ये लोकांसाठी खुली झाली. मुंबई-ठाणे आगगाडी धावून तेव्हा जेमतेम दहा वर्षे झाली होती. परंतु रूळ थेट जमिनीखाली नेण्याची वेळ लंडनवर का आली? #थ्रेड

२/ १८०१ मध्ये लंडनची लोकसंख्या सुमारे दहा लाख होती. पन्नास वर्षांत ती दुपटीहून अधिक झाली. १८४६ च्या शाही आयोगाने शहराच्या मध्यभागी रेल्वे स्थानके उभारण्यास विरोध केला. परिणामी पॅडिंग्टन, यूस्टन, किंग्ज क्रॉस ही स्थानके वेशीवरच राहिली आणि तेथून पुढचा सारा भार घोडागाड्यांवर पडला.

३/ चार्ल्स पिअर्सन हे ‘सिटी ऑफ लंडन’ या नगरसंस्थेचे सॉलिसिटर. त्यांना कोंडीइतकीच कोंदट वस्त्यांची चिंता होती. मजूर कामाजवळ राहतो, कारण रोजचा प्रवास त्याला परवडत नाही. स्वस्त गाडी मिळाली, तर तो मोकळ्या हवेत राहून कामावर येऊ शकेल, हा त्यांचा विचार. त्यासाठी त्यांनी अनेक वर्षे पाठपुरावा केला आणि सिटीला दोन लाख पौंडांचे भाग घ्यायला लावले.

४/ १८६० मध्ये अभियंता जॉन फाउलर यांच्या देखरेखीखाली काम सुरू झाले. पद्धत सोपी, पण त्रासदायक होती: रस्ता खणायचा, दोन्ही बाजूंना विटांच्या भिंती बांधायच्या, वर कमान घालायची आणि त्यावर पुन्हा रस्ता करायचा.

५/ फ्लीट नदीच्या खोऱ्यात मात्र मार्ग दाट, गरीब वस्तीतून गेला. घरे पाडली गेली, हजारो लोक विस्थापित झाले. भरपाई मिळाली ती मालकांना. आठवड्याच्या भाड्याने राहणाऱ्यांना पर्यायी घर देण्याचे बंधन कंपनीवर नव्हते. बहुतेकांनी शेजारच्याच, आधीच भरलेल्या वस्त्यांत आसरा घेतला. ज्या गर्दीवर उपाय शोधायचा होता, तीच वाढली.

६/ जून १८६२ मध्ये फ्लीटचा सांडपाण्याचा नाला फुटला आणि कामात पाणी शिरले. सप्टेंबरमध्ये पिअर्सन यांचे निधन झाले. अवघ्या चार महिन्यांनी सुरू झालेली गाडी त्यांना पाहता आली नाही.

७/ पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन, सुमारे सहा किलोमीटर, सात स्थानके. पहिल्याच दिवशी सुमारे ३८ हजार लोकांनी प्रवास केला.

८/ पण इंजिने वाफेची होती! वाफ पाण्याच्या टाकीत जिरवण्याची सोय होती. कोळशाच्या धुराचे काय? त्यासाठी मार्ग जागोजागी उघडे ठेवावे लागले. पुढे मार्ग वाढला तेव्हा लेन्स्टर गार्डन्स येथील असाच उघडा भाग दडवण्यासाठी घरांचे खोटे दर्शनी भाग बांधले. ते आजही उभे आहेत: दारे-खिडक्या आहेत, मागे घर नाही.

९/ धुराचे उत्तर विजेने दिले. १८९० मध्ये सिटी अँड साउथ लंडन रेल्वे सुरू झाली. जेम्स ग्रेटहेड यांच्या लोखंडी ढालीच्या आडोशाने खोल चिकणमातीत बोगदे खोदले गेले. त्यामुळे वरचे रस्ते आणि घरे बरीचशी वाचली.

१०/ आणि पिअर्सन यांचे स्वप्न? मेट्रोपॉलिटन कंपनीने १८६४ मध्येच मजुरांसाठी पहाटे स्वस्त गाड्या सोडल्या. १८८३ च्या कायद्याने अशा गाड्या देणे ही रेल्वे कंपन्यांची जबाबदारी ठरली. कष्टकऱ्यांना उपनगरांत राहणे हळूहळू शक्य झाले. मात्र १८६० च्या दशकात ज्यांची घरे पाडली गेली, त्यांच्यापैकी बहुतेकांना हा लाभ फार उशिरा मिळाला, किंवा मिळालाच नाही.

११/ धूर आणि माती यांवर अभियंत्यांनी तीस वर्षांत मात केली. मार्गात कोणाची घरे येतात आणि तिकीट कोणाला परवडते, हे प्रश्न मात्र यंत्रांनी सुटणारे नव्हते. त्यांना कायदा लागला. आपल्या शहरातील मेट्रोच्या खोलीचे आणि वेगाचे आकडे वाचताना हे दोन प्रश्नही अवश्य विचारा.